सुवर्णाताईंच्या वाटेकरणी

शलाका बऱ्हाटे लोकांना सांगायची, ऑपरेशन गुडघ्यांसाठी केलं. खरं कारण एक स्टूल होतं. जळगावच्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. नववीच्या वर्गात भिंतीवरचा पडदा सरळ करायला ती स्टुलावर चढली आणि स्टूल मोडलं. पोरं हसली असती तर तिला चाललं असतं. हसलं कोणीच नाही. चार-पाच जणी धावत आल्या आणि आजीला उचलावं तशा काळजीने त्यांनी तिला उठवलं. बेचाळिसाव्या वर्षी. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "मी नाशिकला जाऊन येते. ते जठर लहान करतात ना, तिकडे."

भूषण हातातला झारा पुसत राहिला. त्याचा केटरिंगचा धंदा. थंडीत त्याच्या भरिताला जळगावपासून भुसावळपर्यंत मागणी असायची, आणि शलाकाने बोटावर घेऊन चाखल्याशिवाय भरिताचं पातेलं गाडीत चढत नसे. "कर," तो शेवटी म्हणाला. "पण मग मी कोणासाठी रांधू?" तो हसला, म्हणून तीही हसली.

जठर लहान करण्याचं ऑपरेशन तसं जुनंच. पहिलं वर्ष-दीड वर्ष वजन झरझर उतरतं, मग शरीर शहाणं होतं. उरलेल्या पिशवीची त्याला सवय होते, भूक मागच्या दाराने घरात शिरते आणि कित्येकांचं गेलेलं वजन पुन्हा अंगावर येऊन बसतं. नाशिकच्या त्या रुग्णालयात डॉ. सोनटक्क्यांनी भुकेच्या या परतीच्या वाटेवरच चौकी बसवली होती. मेंदूतून निघून मान आणि छाती ओलांडत पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. आपल्याला वाटतं, मेंदू तिच्यातून पोटाला हुकूम सोडत असेल. प्रत्यक्षात तिच्यातले बहुतेक धागे उलटे वाहतात, पोटातली खबर वर मेंदूला नेऊन देतात. 'पुरे, भरलं' ही खबरसुद्धा त्यातूनच जाते. डॉक्टरांनी तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र तयार केलं होतं. तृप्तिका त्याचं नाव. ऑपरेशननंतर ज्या बाईचं वजन उत्तम उतरलं आणि टिकलं, तिच्या नसेवर ते काही आठवडे बसवायचं. तिची नस दिवसभर काय काय बोलते ते सगळं टिपून घ्यायचं. हा झाला ठसा. मग तोच ठसा नव्या पेशंटच्या नसेवर त्या त्या प्रहराला वाजवायचा, म्हणजे दुसरीची तृप्ती हिच्या पोटात उतरते. न्याहारीला न्याहारीची, रात्रीच्या जेवणाला रात्रीची.

जिचा ठसा, तीच सोबतीण, असा तिथला रिवाज होता. तिने फोनवरून नवीला ऑपरेशनची तयारी सांगायची आणि नंतर पायावर उभं राहीपर्यंत सांभाळायचं. शलाकाच्या वाट्याला अमळनेरच्या सुवर्णा खैरनार आल्या. वय अठ्ठावन्न, आवाज खर्जातला, बोलणं मुद्द्याचं.

"घास तोंडात पीठ होईपर्यंत चावायचा," पहिल्याच फोनवर त्यांनी सांगितलं. "आत्तापासून सवय लावून घ्या. नंतर लावायला गेलात तर ती सवय नसते, शिक्षा असते. आणि जेवताना पाणी नाही. आधी प्या, नंतर प्या, घासाबरोबर नाही."

"बरं."

"मुलीची लहानपणची वाटी असेल ना घरात? ती काढा. चमचाही तिचाच घ्या. मोठ्या ताटात दोन घास वाढले की जीव कासावीस होतो. लहान वाटी भरलेली दिसते."

ऑपरेशनच्या आधी नुसत्या पातळ पदार्थांवर राहायचे दिवस आले, तेव्हा शलाका रडकुंडीला आली. भूषणच्या अंगणात वांगी भाजली जात होती आणि तो वास खिडकीतून थेट तिच्या गळ्यात उतरत होता. तिने फोन लावला.

"हे पातळ कशासाठी, ठाऊक आहे का?" सुवर्णाताई म्हणाल्या. "यकृत सुटलेलं असतं, ते आकसावं म्हणून. डॉक्टरांना काम करायला जागा होते. चोरून खाल्लंत तर मला कळणार नाही, त्यांना आत गेल्यावर कळेल." मग त्या म्हणाल्या, "आणि एक सांगते, जे तिथे कोणी सांगत नाही. तुम्ही आता जेवणाचं सुतक धरणार आहात. माणूस गेल्यावर घर कसं होतं, तसं होईल काही महिने. रडू आलं तर रडा. वेड लागलंय असं समजू नका."

हे वाक्य शलाकाला इतकं पटलं, की त्यांना हे कुठून सुचलं असेल हा प्रश्न तिच्या मनातही आला नाही.

ऑपरेशन नीट झालं, नसेवर तृप्तिकाही बसली. खांद्यात कळ आली तेव्हा ती घाबरली. सुवर्णाताईंनी सांगितलं, पोट फुगवायला भरलेला वायू आहे तो, चालल्याशिवाय निघत नाही, उठा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात यायला लागले. त्या म्हणाल्या, येतील परत, आधी अंडं नाहीतर पनीर, मुगाचं काहीतरी, भाकरी सगळ्यात शेवटी, आणि गोळ्या जन्मभर, त्यात कसूर नको. "लोक म्हणतील आजारी दिसतेस. म्हणू देत. जाड होतीस तेव्हा कुठे फार कौतुक करत होते?" शलाका खळखळून हसली. तिने एकदा विचारलं, "ताई, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी आहे की," सुवर्णाताई म्हणाल्या, आणि शलाकाच्या लोहाच्या गोळीची चौकशी करायला लागल्या.

वजन उतरलं. गुडघे गप्प झाले, साखरेची गोळी सुटली. वर्गातल्या मुली आता तिच्या साड्यांबद्दल बोलायच्या. सकाळच्या न्याहारीला, दुपारच्या डब्याला ठसा आपलं काम शहाण्यासारखा करायचा. चार चमचे झाले की आतून कोणीतरी हळूच म्हणायचं, झालं.

संध्याकाळचं मात्र वेगळं होतं.

दिवेलागणीच्या सुमाराला तिच्या बरगड्यांखाली काहीतरी उचललं जायचं. जिन्यात ओळखीचं पाऊल वाजलं की उचललं जातं ना, तसं. क्षणभरच. मग ते खाली पडायचं, आणि पडताना भूक घेऊन जायचं. सुरुवातीला तिने लक्ष दिलं नाही. पुढे पुढे हातातलं काम आपोआप थांबायला लागलं. मग ती उठून दाराशी जायला लागली.

"कोण यायचंय?" भूषणने एकदा विचारलं.

"कोणी नाही."

"मग?"

ती दाराबाहेर डोकावली. भूषण घरात होता, मुलगी आतल्या खोलीत होती. ज्यांनी यायचं ते सगळे आलेले होते. तरी कोणीतरी यायचं राहिलंय ही खात्री तिच्या अंगात भिनलेली असायची, आणि जेवायला बसली की दोन घासांनंतर तिसरा उचलवायचा नाही. भूषणने मन लावून केलेली शेवभाजी वाटीत निवत राहायची. हळूहळू त्याने घरी रांधणंच सोडलं. बाहेरच्या ऑर्डरीतलं काहीतरी उचलून आणायचा आणि उभ्या उभ्या खायचा.

डॉक्टरांना तिने फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, रात्री तुम्ही कमी खाता म्हणूनच आलेख इतका सुंदर आहे. सुवर्णाताईंचा ठसा आमच्याकडचा सर्वोत्तम आहे.

नसेला चित्र दाखवता येत नाही, नावही सांगता येत नाही. ती नुसती पोटातली कालवाकालव वर पोचवते. पण मेंदूला कारणावाचून राहवत नाही. पोटात भीती दाटली की तो भीतीला साजेसं माणूस शोधतो. शलाकाच्या मेंदूने तिची एकुलती एक मुलगी शोधली.

रेवा अठरा वर्षांची होती. तिला गोव्याला समुद्रविज्ञान शिकायला प्रवेश मिळाला होता. वर्षभरापूर्वी हाच बेत ऐकून शलाकाने स्वतः तिला भिंतीवर अरबी समुद्राचा नकाशा लावून दिला होता. आता ती नाही म्हणाली. आधी म्हणाली, जळगावात काय कमी आहे? मग म्हणाली, पाण्यात उतरावं लागतं, काही झालं तर? रेवा मैत्रिणीकडे गेली आणि यायला जरा उशीर झाला, की शलाका चौकापर्यंत चालत जायची. एकदा तर तिने रेवाच्या स्कूटरची चावी डाळीच्या डब्यात लपवून ठेवली.

ती चावी रेवाला सापडली, त्या संध्याकाळी घरात पहिल्यांदा आवाज चढले.

"आई, तुला नक्की कशाची भीती वाटते?"

"तू परत यायची नाहीस."

"गोव्याहून? दिवाळीला येईन की!"

"तुला नाही कळायचं."

"तुला तरी कळतंय का?" रेवाचे डोळे भरून आले होते. "तू बारीक झालीस, मला आनंदच झाला गं. पण पूर्वीची तू मला जा म्हणायचीस. ही कोण आहे मला माहीत नाही."

शलाका उत्तर देणार होती, पण त्याच वेळी बरगड्यांखाली ते उचललं गेलं, आणि मुलीसमोर, भांडण अर्धं टाकून, ती दाराकडे बघत राहिली. रेवाने ते पाहिलं. ती आत निघून गेली.

उलगडा नाशिकला झाला. रुग्णालयाने जुन्या पेशंटांचा एक मेळावा ठेवला होता. दुपारभर भाषणं झाली, फोटो झाले. मग बायका एका दालनात चहा घेत बसल्या. कोणी साताऱ्याची, कोणी परभणीची. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या, सैल पडलेल्या कातडीबद्दल, सासूबद्दल, गोड खाल्लं की फुटणाऱ्या घामाबद्दल. बाहेर उन्हं कलली. दालनातले दिवे लागले.

शलाकाच्या पोटात ते उचललं गेलं. तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. आणि तिच्या लक्षात आलं, की कितीतरी जणींची वाक्यं तुटली आहेत. सगळ्या नव्हे. काही जणी बोलतच होत्या, आणि अचानक आपलाच आवाज मोठा ऐकू आल्यामुळे बावरून थांबत होत्या. बाकीच्यांचा हात बरगड्यांखाली गेला होता. त्या सगळ्या दाराकडे बघत होत्या. दार उघडंच होतं. कोणी आलेलं नव्हतं.

क्षण गेला. शेजारच्या परभणीच्या बाईने कप खाली ठेवला.

"तुमची सोबतीण कोण?" शलाकाने हळू आवाजात विचारलं.

"अमळनेरच्या आहेत. सुवर्णाताई."

"तुम्हालाही संध्याकाळी..."

"मी धाकट्याला ट्यूशनला पाठवणं बंद केलंय," ती बाई म्हणाली आणि रडायला लागली.

दोन दिवसांनी शलाका अमळनेरला गेली. फोन न करता. बोरी नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत घर होतं, पुढे दोन पायऱ्या, दाराला ताजं तेलपाणी केलेलं. दार सताड उघडं होतं. सुवर्णाताई तिच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच किरकोळ होत्या. आवाज तेवढा तोच.

"शलाका ना तू? ये. चालताना दम लागत नाही ना आता?"

पाणी पिऊन झाल्यावर शलाकाने एकदम विचारलं, "ताई, संध्याकाळी तुम्ही कोणाची वाट बघता?"

सुवर्णाताईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. बंद खोलीच्या दारावर आतून टकटक ऐकू यावी, तसं.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या ठशाने."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या बोलल्या. त्यांचा मुलगा ओजस चोवीस वर्षांचा होता. त्यांच्या ऑपरेशननंतर वर्षभराने, एका संध्याकाळी, 'येतो जाऊन' म्हणून मोटारसायकल घेऊन गेला. मोटारसायकल तापीच्या पुलावर सापडली. तो सापडला नाही. पाण्यात नाही, कुठेच नाही. पुढे नात्यातल्या लोकांनी यजमानांना तयार केलं आणि देह न सापडलेल्यांचा करतात तो पालाशविधी करून टाकला. "मी बसले नाही विधीला. पुलावर जाऊन उभी राहिले. तेव्हापासून ते धुळ्याला भावाकडे राहतात. म्हणतात, तुझ्या त्या उघड्या दाराकडे मला बघवत नाही."

"आणि ठसा?"

"त्यानंतरचा. माझं वजन उतरतच होतं ना! डॉक्टर खूश होते. रक्त तपासलं, झोप विचारली. रात्री जेवताना कसं वाटतं, म्हणाले. मी म्हटलं, दोन घासांत भरून येतं." त्या थांबल्या. "खोटं नव्हतं ते. घरात काय झालंय हे कोणी विचारलं नाही. मला वाटलं, माझ्या या न जेवण्याचा कोणाला तरी उपयोग होतोय, होऊ दे."

बाहेर संध्याकाळ उतरत होती. मग ते आलं. एकाच क्षणी, दोघींना. शलाकाने पाहिलं, सुवर्णाताईंची मान वळली त्याच वेळी आपलीही वळली आहे. गल्ली रिकामी होती.

सुवर्णाताई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, की शलाकाला ते सहन होईना. तो आनंद होता.

"तुलाही होतं," त्या म्हणाल्या. "अस्संच?"

"हो."

"अजून किती जणींना?"

"तीस-चाळीस असू."

सुवर्णाताईंनी तोंडावर पदर घेतला. "अगं, मला वाटत होतं, त्याची वाट बघणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. मी गेले की संपलंच, असं वाटायचं. आणि तुम्ही इतक्या जणी..." त्यांनी शलाकाचा हात दोन्ही हातांत धरला. "बंद करू नकोस गं. तुझं वजनही राहील. बाकीच्यांना सांगू नकोस काही. एका आईचं एवढं ऐक."

परतीच्या गाडीत शलाका खिडकीशी बसली होती. तिच्या मनात दोन मुलं होती. एक तिने कधी न पाहिलेला, ज्याची ती वर्षभर वाट बघत होती. दुसरी घरात होती, आणि तिच्याकडे मात्र वर्षभरात तिने धड पाहिलंच नव्हतं.

डॉ. सोनटक्के ऐकताना पांढरे पडले. वाईट माणूस नव्हता तो. "नस म्हणते, पुरे," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "का पुरे, ते ती सांगत नाही. आम्ही विचारायला हवं होतं." त्यांनी प्रत्येकीला बोलावून खरं काय ते सांगितलं आणि निर्णय जिचा तिच्यावर सोपवला. दुसरा ठसा मिळायला वेळ लागणार होता. तोवर भूक परतली असती, थोडंफार वजनही. बहुतेक जणींनी यंत्र बंद करून घेतलं. काही जणींनी नकार दिला. कोणी सरळ म्हणालं, मला पूर्वीसारखं व्हायचं नाही, संध्याकाळचं मी बघून घेईन. परभणीच्या बाईने चालूच ठेवलं. का, ते तिने सांगितलं नाही.

शलाकाने बंद केलं. पहिल्या संध्याकाळी काहीच झालं नाही, आणि ते काहीच न होणं इतकं मोठं होतं, की ती घरभर फिरत राहिली. मग भूक लागली. साधी, निर्लज्ज भूक. तिने भूषणला हाक मारली. "घरात वांगं आहे का रे?" तो गॅस पेटवायला गेला. त्याची पाठ तिच्याकडे होती, पण तो डोळे पुसत होता हे तिला कळलं.

वजन थोडं परत आलं. गुडघे अधूनमधून बोलायला लागले. जूनमध्ये रेवाला गोव्याच्या गाडीत बसवलं, तेव्हा शलाकाला भीती वाटलीच. पण ही भीती तिची स्वतःची होती, आपल्या मापाची. गाडी हलल्यावर तिने हात हलवला आणि ओरडली, "नीट जेव!"

यंत्र बंद केल्याचं तिने सुवर्णाताईंना फोनवर सांगितलं नव्हतं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. रेवा गेली त्या आठवड्यात ती पुन्हा अमळनेरला गेली. पायरीवर दोघी शेजारी बसल्या. सुवर्णाताईंनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. भरलेले गाल पाहिले. काही विचारलं नाही.

दिवेलागण झाली. नदीच्या बाजूने मोटारसायकलचा आवाज वर चढत आला. सुवर्णाताई अर्ध्या उठल्या. शलाकाने ते पहिल्यांदाच बाहेरून पाहिलं. एका म्हाताऱ्या बाईचा सगळा देह कानात गोळा झाला होता. मोटारसायकल दारावरून पुढे गेली, गल्लीच्या टोकाला वळली. त्या हळूहळू खाली बसल्या.

"काही वाटलं?" त्यांनी विचारलं. समोर बघत.

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. एका शब्दाचं काम.

"नाही ताई," शलाका म्हणाली. "मला आता काही वाटत नाही."

सुवर्णाताईंनी मान हलवली. शलाका उठायच्या बेतात होती, आपल्याला आता इथे जागा नाही असं समजून. तेवढ्यात त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस जरा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज फोनवरच्यासारखा झाला होता, शिकवणारा. "गाडी गेल्यावर लगेच उठायचं नसतं. मन म्हणतं, अजून थोडं. तेवढं त्याचं ऐकायचं."

शलाका बसली. तिच्या पोटात काहीच हललं नाही. समोर गल्ली होती, नुसतीच, अंधारत चाललेली. ती गल्लीच्या टोकाकडे बघत राहिली.